कुणाचाच नसलेला रंग

जव्हारच्या बाजारात कांतीलाल शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर रंजनाचं शिवणयंत्र होतं. निवडणूक आली की तिथे सगळ्या पक्षांचे झेंडे एकाच ढिगात पडलेले असत. सकाळी एकाची माणसं यायची, दुपारी दुसऱ्याची. जो तो आधी दुसऱ्याचे किती शिवलेस ते विचारायचा, मग आपले घेऊन जायचा. "मशीनला मत नाय," रंजना मान वर न करता म्हणायची. लोक हसायचे, पण जाताना एकदा वळून बघायचे. सगळ्यांचं शिवते ती बाई नक्की कुणाची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिच्या माहेरच्या पाड्यालाही नव्हतं. हा पाडा वांगणीच्या पलीकडे, ओहोळ उतरून. तिथवर गाडी जात नाही. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या गोधडीत, म्हणजे डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. गेल्या पावसाळ्यात रंजनाची भावजय, जिला सगळे धाकली म्हणत, अशीच वाटेत, डोलीतच बाळंत झाली. पोर वाचलं नाही. तेव्हा पाड्याने ठरवलं, रस्त्यासाठी जव्हारच्या कचेरीवर मोर्चा न्यायचा आणि कुठल्याच पक्षाच्या मागे जायचं नाही.

मग झेंडा कोणता घ्यायचा? रंजनाचा चुलतभाऊ संदीप ठाण्याला बिगारी करून परतला होता, बैठक त्यानेच बोलावली.

"लाल?"

"तो त्यांचा."

"पिवळा घ्या."

"हळदीला चाललाव काय?"

"पांढरा?"

"मयताला?"

कुणीतरी खाकी म्हणालं, तसे सगळेच हसले. "फॉरेस्टवाला आला म्हणून आपलीच माणसं पळतील!"

शेवटी रंजना म्हणाली, "जांभळा. तो अजून कुणी घेतला नाय. मी झेंडे शिवते, मला दिसतं ना."

म्हाताऱ्या गोदी आत्याने डोळे बारीक केले. "तुला बरा ठाव, कुणाचा कंचा नाय तो."

पण रंग ठरला. बाहेर बोलायचं नाही, हेही ठरलं.

रंजनाने जांभळं कापड मागितलं तेव्हा कांतीलाल शेठने विचारलं, "लग्न कुणाचं?" रंग तिनेच सुचवलेला, त्याचा अभिमान होता. नको तेवढं तोंडातून गेलं. "लग्न नाय शेठ. हा रंग अजून कुणाचाच नाय."

झेंडे शिवून पाड्यावर पोचले आणि त्याच आठवड्यात जव्हारच्या चौकात एका नव्या आघाडीचा फ्लेक्स झळकला. पूर्ण जांभळा, खाली जांभळ्या पताका.

"शेठ, तुम्ही सांगितलंत?"

"ते नवा रंग शोधत होते, मी म्हटलं हा अजून कुणाचाच नाही. कापड विकणं माझा धंदा आहे, रंजनाबाई. रंग काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतो?"

शब्द तिचेच होते.

ती पाड्यावर पोचण्याआधी फ्लेक्सचा फोटो तिथे पोचला होता. "कितीला सेटिंग झाली, बाय?" संदीपने विचारलं. तिने घडलं ते सगळं सांगितलं, आणि खरं सांगून उलटंच झालं. "म्हणजे तूच बोललीस ना?" बाकीचे काय म्हणतात ते तिने सोसलं असतं. पण कुडाला टेकून बसलेली धाकली तिच्याकडे बघतही नव्हती. हिनेही आपल्याला विकाऊ ठरवलं, तर या पाड्यावर परत यायचं कुणाच्या दारात?

"झेंडाच नको," गोदी आत्या म्हणाली. "डोली न्या. ती कोण चोरतंय ते बघू. पण रिकामी नको हां, रिकामी डोली माणूस मागते."

"हिलाच बसवा," संदीप म्हणाला. "कुणाला फोन करते ते तरी दिसेल."

लोक हसले, पण ती थट्टा नव्हती.

अशी रंजना डोलीत बसून मोर्चाला निघाली. खांदे बदलत होते, तिच्याशी बोलत कुणीच नव्हतं. आपलं वजन किती आहे, हे तिला वाहणाऱ्यांच्या धापेवरून कळत होतं. जव्हारात शिरल्यावर दुकानदार ओट्यांवर आले. "काय झालंय बाईला?" "काय नाय. आमच्याकडे रस्ता नाय." हे ऐकून माणसं थोडी वाट सोबत चालत. घोषणा द्यायची गरजच पडली नाही.

चौकात आघाडीची माणसं हार घेऊन उभी होती. एकाने पुढे होऊन डोलीच्या बांबूला जांभळा झेंडा बांधला. "आपलंच आहे सगळं. रंगसुद्धा एकच! रंजनाबाई, इकडे बघा, फोटो काढू."

त्याने तिचं नाव घेतलं आणि सगळा मोर्चा तिच्याकडे बघू लागला.

रंजना गोधडीतच बांबू धरून वर झाली. गाठ नखाने सुटेना, तेव्हा तिने दातांनी ओढून सोडवली. झेंड्याच्या कडेची शिवण तिने बोटांत धरून पाहिली आणि तो त्या माणसाच्या हातात कोंबला. "हा माझ्या हातचा नाय."

"कोण म्हणतं तुमचा आहे?" तो चिडला. "शेठच म्हणाला, ही बाई आपल्याला शिवून देणार नाही. ठाण्याहून शिवून आणावे लागले!"

मोर्चात कुजबुज झाली.

"नाटकही असंल," संदीप म्हणाला.

"असंल," गोदी आत्या म्हणाली. "उतर गं रंजे, खांदे मोडले आमचे. मी बसते. आता माझ्यावर संशय घ्या जरा."

म्हातारी कुरकुरत डोलीत बसली. रंजना उतरून बाजूला उभी राहिली, कुठे जावं ते तिला कळेना. बांबूला खांदा देऊन धाकली उभी होती. ती दोन पावलं पुढे सरकली. तिच्या मागे एका माणसापुरती जागा झाली, आणि रंजना तिथे खांदा लावून चालू लागली.

संदीप मात्र, ती फोन काढते का म्हणून, कचेरीच्या दारापर्यंत तिच्या मोकळ्या हाताकडे बघत होता.