कोऱ्या पट्टीवरचा धवला

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव मी भाजी निवडता निवडता वाचते आणि पान उलटते. तरी हे लिहिते आहे, कारण यातली चूक माझी होती.

साल २००४. शहापूरच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ. मिस्टर लग्नांचं शूटिंग करायचे, मी नुकतीच कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकत होते. टाइमलाइनवर वरची पट्टी चित्राची, खालची आवाजाची. दोन्ही सुट्या करायच्या, मूळ आवाज डिलीट करायचा आणि तिथे सिनेमाचं गाणं बसवायचं... गिऱ्हाइकाला तेच हवं असे. सीडी झाली की हार्ड डिस्क रिकामी करायची आणि टेप पुढच्या लग्नाला वापरायची. किन्हवलीच्या एका हळदीची टेप अशीच मुरबाडच्या लग्नात पुसली गेली.

त्या हळदीत धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणणारी धवलारीण पुढे पावसाळ्यात वारली. दिवाळीनंतर तिची मुलगी सुनंदा स्टुडिओत आली. तिचं स्वतःचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"वयनी, गावातल्या समद्या पोरींच्या हळदीला आय गायली. माज्या हळदीला तिचा आवाज पायजे."

"अगं, तो मी काढून टाकला."

"मंग कुठं ठेवलाय?"

तिला पटेना. म्हणून आमच्याकडची त्या हळदीची सीडी टाइमलाइनवर घेतली आणि तिच्यादेखत सिनेमाचं गाणं डिलीट केलं. खालची पट्टी कोरी. "बघ, काही नाही," म्हणत प्ले दाबलं.

...आणि धवला सुरू झाला. घोगरा आवाज, मध्येच एक खोकला.

"आयच हाय," सुनंदा म्हणाली.

मिस्टर आतून आले. "साउंड कार्ड गेलं असेल."

"कार्ड गेलं तर आवाज जातो. येत नाही," मी म्हटलं.

मग मी कामाला लागले. नवी सीडी काढली — मुकी. स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला — कॅसेटवर नुसती पंख्याची घरघर. दहा दिवस हेच. स्टुडिओत आवाज स्वच्छ येई, बाहेर काही नेता येईना.

शेवटी ठरलं, नवरीलाच इथे आणायचं. हळदीच्या दिवशी सकाळी सुनंदा आणि तिची मावशी वाटीत हळद घेऊन आल्या. कॉम्प्युटरसमोर पाट मांडला. मी प्ले दाबलं. धवलारणीचे ओठ हलत होते. आवाज नाही. पुन्हा दाबलं. मिस्टरांनी वायरी काढून लावल्या, शेजारच्या दुकानातले स्पीकर आणले.

"आये, म्हण ना गो," सुनंदा स्क्रीनकडे बघून म्हणाली.

दुपारी मांडवातून माणूस बोलवायला आला. मावशीने वाटी पदराखाली घेतली. "वयनी, बंद करा आता. लोकं खोळंबल्यात."

त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने सगळं उघडून पाहिलं आणि पुन्हा जोडून दिलं. तो येत कुठून होता आणि नेमका त्या दिवशी का आला नाही, मला आजही सांगता येत नाही.

सुनंदाच्या हळदीचं शूटिंग आम्हीच केलं. धवले मावशीने म्हटले, निम्मे विसरली. "इथे गाणं कुठलं?" एडिटिंगच्या वेळी मिस्टरांनी विचारलं. मी मूळ आवाजाला हात लावला नाही.

सीडी न्यायला सुनंदा आली नाही. नवऱ्याला पाठवलं.