कोरडं बंद, फक्त डबा

भूक लागली की खाईल. हे वाक्य आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून राहतंय. लहानपणी मी ताटातलं कारलं बाजूला सारलं तेव्हा हेच ऐकलं, आणि यंदा बोक्यालाही तेच ऐकवलं गेलं. पहिल्यांदा ज्याने कुणी हे म्हटलं असेल, त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा.

बोका सहा वर्षांचा, लहानपणापासून पाकिटातल्या कुरकुरीत दाण्यांवर वाढलेला. दुसरं काही पुढ्यात ठेवलं की वाटीभोवती पंजाने फरशी खरवडतो, जणू ती घाण पुरून टाकायची आहे. दिवाळीनंतर त्याची लघवी अडकली. क्रेटमध्ये घालून त्याला श्रीरामपूरहून एसटीने नगरला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि सांगितलं, "याच्या पोटात पाणी गेलं पाहिजे. कोरडं बंद करायचं, डब्यातलं ओलं द्यायचं. पण हळूहळू. आणि उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हर जातं."

मी नागापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, घरातली पहिली पदवी, आणि ते मी लपवत नाही. आमच्याकडे कामाच्या सूचना भिंतीवर लावलेल्या असतात, छोट्या वाक्यांत, कुणी वाद घालू नये अशा. तशीच एक मी फ्रिजच्या दारावर चिकटवली: कोरडं बंद. फक्त डबा. दिवसातून तीनदा. खाली लाल रेघ. आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने नागापूरच्या खोलीवर निघून गेले.

संध्याकाळी फोन केला. "खाल्लं का?"

"खाल्लं गं," आई म्हणाली.

मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळी मी विचारलं, अर्धा डबा संपला की पूर्ण? पलीकडे नुसती पातेल्यांची खडखड. मग आई म्हणाली, "वास घेतो आन् निघून जातो. तू तिकडं काळजी करशील म्हून बोलले न्हाई. भूक लागली की खाईल."

सोमवारपासून एक घास नाही! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वाटेत डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत काहीच पोटात गेलं नाही तर उद्या घेऊन या, म्हणाले.

दारातच चुलतीने गाठलं. "तुज्या बोक्याला आता डबा लागतो व्हय? कंपनीत जातो का काय?"

मी तिला ओलांडून आत गेले. ताटलीत डब्यातलं खाणं वाळून खपली धरलेलं, वर मुंग्या. बोका गव्हाच्या पोत्यांवर होता. माझा आवाज ऐकून एरवी शेपूट उभी करून येतो. त्याने मानही वर केली नाही. आप्पा, माझे वडील, खाटेवर चहा पीत होते.

"गेल्या साली नवी पेंड आणली," मी म्हणाले, "म्हैस तोंड लावेना. तेव्हा तिला म्हणालात का, भूक लागली की खाईल? पंधरा दिवस जुन्या पेंडीत नवी मूठ मूठ कालवत बसला होतात. वरून गूळ!"

"ती दूध देती."

"आणि हा?"

"ह्यो काय देतो? केस."

आई हसली. माझं डोकंच फिरलं. काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. माझं बोलून होईपर्यंत आप्पांनी चहा संपवला आणि फ्रिजकडे बोट केलं.

"त्यो कागद कुनी लावला? कोरडं बंद. त्यात हळूहळू कुटं हाय? एका दिसात चारा बदलत न्हाईत, हे मला कळत न्हवतं व्हय? म्हटलं, शिकलेल्या मानसानं लिव्हलंय, मांजराचं आसंल तसं."

"मग फोन करून सांगायचं होतं."

"तू कधी इचारलं का मला? नोकरी लागल्यापासनं तू सांगती, आमी ऐकतो."

ते खरं होतं, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

आप्पा उठले. डब्यातलं थोडं गरम पाण्यात कालवलं. पाकिटात उरलेल्या दाण्यांतले मूठभर खलबत्त्यात कुटून त्यांचं पीठ केलं आणि वर भुरभुरलं. मग बोटावर घेऊन बोक्याच्या पुढच्या पायाला फासलं, वासराच्या जबड्याला भिजवलेल्या पेंडीचं आंबोण फासतात तसं. बोक्याला पाय घाण झालेला चालत नाही. त्याने चाटला. आप्पांनी पुन्हा फासलं. त्याने पुन्हा चाटलं. चौथ्यांदा त्याने सरळ बोटच चाटलं. दिवेलागणीपर्यंत ताटलीतले चार चमचे संपले होते.

आईने डोळे पुसले. मी नाही. मी तो कागद फाडला आणि डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेले.

कागदावर एक शब्द मी सोडला, ती चूक माझी, आणि ती मी लिहून ठेवतेय. पण ज्या माणसाच्या हातात हे सगळं होतं, तो तीन दिवस त्या ताटलीशेजारून जात-येत होता. माझी जिरावी म्हणून? त्याची शिक्षा बोक्याला?

आता संध्याकाळी फोन आप्पाच उचलतात. पिठाची मूठ कमी होत चिमटीवर आली आहे. "आज चिमूटच टाकली. चाटून पुसून खाल्लं," ते सांगतात आणि थांबतात. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबतात, हे मला कळतं.

मी "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. शाबासकी मी देणार नाही. त्यांना येत होतं.