वाढत्या अंगाची रॅकेट

रॅकेट घेताना पहिल्यांदा काय बघायचं, असं मला ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच. साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचं माझं काम, पण लहानपणी मी टेनिस खेळायचे ही बातमी कशी कोण जाणे, सगळ्यांना लागलेली आहे. सुट्टी जवळ आली की ज्यांची मुलं शिबिराला जाणार असतात ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसतात. कंपनी आणि रंग यांपलीकडे त्यांना काही ऐकायचं नसतं. मी मात्र सांगत सुटते. आधी मूठ, म्हणजे दांडीची जाडी. मुलानं ती धरली की बोटांची टोकं आणि तळव्याची गादी यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मग वजन, आणि ते पुढे हेडकडे आहे की मागे हाताकडे. मग तारांचा ताण. हेड केवढं, फ्रेम कसली, हे सगळं त्यानंतर. ऐकणारा मान डोलावतो आणि संध्याकाळी निळ्या रंगाची घेऊन येतो. माझा जीव तुटतो, पण कोणाकोणाच्या मागे धावणार?

आम्ही गुजरातेत, नवागामला राहायचो. माझे वडील, आबा, तरुणपणी धुळ्याकडून आले ते कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागले आणि तिथेच म्हातारे झाले. शाळेनं काही मुलींना उन्हाळ्यात टेनिसच्या शिबिराला पाठवलं, त्यात मी होते. तिथली जुनी, हलकी रॅकेट हातात आली आणि मला कळलं की हे आपल्याला येतं. तोवर मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे तो आनंद किती मोठा होता हे मी आजही कोणाला समजावू शकत नाही. तिथले सर म्हणाले, आता स्वतःची घे. बारीक मुठीची, हलकी, आणि तारा जास्त ताणून घेऊ नकोस. वर्षाच्या शेवटी राज्याच्या संघाची निवड होती आणि मी त्यात असेन असं त्यांना वाटत होतं. मला नुसतं वाटत नव्हतं, माझी खात्रीच होती.

घरी येऊन मी सरांचा शब्द न् शब्द आबांना सांगितला. आबा हसले. आमच्या घरात शाळेचा ड्रेस, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं यायचं. ड्रेसची शिलाई आत दुमडून ठेवायची आणि पोरगी वाढेल तशी उसवायची, ही मायची रीत. दुकानात आबांनी सगळ्यांत जाड मुठीची रॅकेट उचलली, तळहातावर तोलली, आणि माझ्या हातात दिली. बोटं पुरती वळतही नव्हती.

"हात वाढी जाई," ते म्हणाले.

मग त्यांनी अंगठ्यानं तारा दाबल्या. कारखान्यात ते बीमवरचा ताणा, म्हणजे रुळावर गुंडाळलेले उभे धागे, असाच दाबून बघायचे, आणि त्यांचा अंगठा कधी चुकत नाही असा त्यांचा लौकिक होता. उभा धागा सैल राहिला की कापड बिघडतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. दुकानदाराला त्यांनी तारा काढून पुन्हा ताणायला लावल्या. मशीन कुरकुरायला लागलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. घरी येताना रॅकेट त्यांनीच धरली होती, नव्या बाळाला धरावं तशी. त्या दिवशी ते इतके खूश होते की आठवलं तरी मला राग येतो. कोणाचा येतो, ते मात्र सांगता येत नाही.

ड्रेसची शिलाई दुमडता येते, रॅकेटची मूठ नाही. ती हातात फिरू नये म्हणून मी ती आवळून धरायचे, आणि प्रत्येक चेंडूचा झटका सरळ कोपरात जायचा. सरांनी रॅकेट बदला म्हणून निरोप दिला. आबांना वाटलं, हल्लीच्या लोकांना हलक्या मालाचीच सवय. कोपर दुखतं म्हटलं तर ते म्हणाले, लूमवर सुरुवातीला सगळ्यांचेच हात भरून येतात. माय रात्री मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. सकाळी मला वेणी घालायला हात वर नेता यायचा नाही, ती घालून द्यायची.

निवडीच्या दिवशी आबा पाळी बदलून आले होते. माझी सर्व्हिस जाळीतच जात राहिली. शेवटी रॅकेट मुठीतून फिरली आणि लांब जाऊन पडली. मी कोपर धरून खाली बसले. आबा धावत आले, आधी रॅकेट उचलली आणि तारा दाबून पाहिल्या.

"ढिल्या पडन्यात," ते म्हणाले. "आखो घट्ट करी लेऊत."

डॉक्टरांनी हात तपासला आणि रॅकेट मागवून बघितली. लहान पोरीच्या हातात हे कोणी दिलं, असं त्यांनी सहज विचारलं. आबा माझ्यामागेच उभे होते. कोपराचा स्नायू फाटला होता, हात पुन्हा पूर्ण सरळ होणार नव्हता. घरी आल्यावर आबांनी धागे तोडायची कात्री काढली आणि त्या सगळ्या तारा एकेक करून कापल्या. नुसती फ्रेम खिळ्याला टांगली. पुढे माय तिच्यावर हातरुमाल वाळत घालायला लागली.

परवा माझ्या भावाच्या मुलीला रॅकेट घ्यायची होती. ती गुजरातीत बडबडत पुढे, मी मागे, आणि आबा दुकानाच्या पायरीवर. आत यायलाच तयार नव्हते. मी मूठ बघितली, तिच्या हातात माझं बोट घालून पाहिलं, वजन पाहिलं. सगळं बरोबर होतं. मग मला काय झालं कोण जाणे, मी रॅकेट बाहेर घेऊन गेले आणि आबांसमोर धरली. म्हटलं, आबा, तारा तेवढ्या दाबून बघा.

त्यांनी हात पाठीमागे नेले.

"नको, माय," ते म्हणाले. "ह्या अंगठाले कापडनंच समजस."

मी रॅकेट तशीच धरून उभी राहिले. हात अवघडला तरी खाली घेईना. शेवटी भाचीनं येऊन ती माझ्या हातातून घेतली. माझं कोपर वाकडंच राहिलं, आणि आबांनी मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं.