निळी चरबी

आपण केलेला नियम कुणीतरी खरोखरच पाळला, की नियम करणाऱ्यांना किती राग येतो, हे मी इंटरला असताना पाहिलं. त्याआधी छापील कागदाबद्दल मला फार आदर होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची चौथी इयत्ताही पाहिली नव्हती. छापलेलं ते खरं, आणि खाली सही असेल तर दुप्पट खरं, अशी माझी समजूत होती. ती माझ्यामुळे बाबांचीही झाली. पुढे जे घडलं त्याला हे एक कारण आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही करी रोडच्या एका चाळीत राहतो. बाबा गिरणीच्या खळखात्यात होते. सूत मागावर चढण्यापूर्वी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर ते पटापट तुटतं. खळीत पीठ असतं, पांढरी माती असते आणि जनावराची चरबी असते. चरबीचे पिंप वांद्र्याच्या खाटीकखान्याकडच्या भट्टीतून येत. ती कढईत वितळवून ढवळण्याचं काम बाबांचं. पांढरंशुभ्र धोतर नेसून आमच्या कामाला नाक मुरडणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या निऱ्यांत आधी बाबांच्या कढईतली चरबी जाऊन आलेली असते. त्यांना हे कुणी सांगत नाही. मीही सांगत नसे. कॉलेजात कुणी विचारलं तर “वडील कापडाच्या धंद्यात आहेत” म्हणायचे. खोटं नव्हतं, पण खरं सांगायची हिंमतही नव्हती.

त्यात बाबा माळकरी. मांसमच्छी वर्ज्य. कामावर गेले की गळ्यातली तुळशीची माळ काढून खात्याच्या दाराबाहेर एका खुंटीला अडकवत आणि सुट्टी झाल्यावर नळावर अंग धुऊन मगच पुन्हा घालत. बरोबरचे लोक चिडवत, “काय बुवा, देवाक आजपण भायर बसवलात?”

बाबा म्हणत, “तेका वास सोसणा नाय. माका पगार मिळता, तेका खंय मिळता?”

एक दिवस म्युनिसिपालटीची पत्रकं गिरणीत आली. खात्याच्या मास्तराने त्यांत विडे बांधायला सुरुवात केली. बाबांनी एक पत्रक घडी घालून घरी आणलं.

“बाय, काय लिवलंला आसा ता वाच बगया.”

मी मोठ्या हौसेने वाचलं. ‘अखाद्य प्राणिज स्निग्ध पदार्थ’ असे शब्द त्यात होते आणि मला ते फार भारदस्त वाटले. अर्थ असा, की काही लोक चरबी तुपात मिसळून विकतात, म्हणून भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक पिंपात निळा रंग घालावा, म्हणजे ती कुणाच्या पोटात जाणार नाही. रंगाने सूत डागाळेल म्हणून गिरण्यांना बिनरंगाची चरबी घ्यायला सूट होती. मात्र गिरणीत आलेली चरबी पुन्हा बाहेर गेलीच, तर फाटक ओलांडण्याआधी ती निळी केलेली असावी.

नियम चांगला होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो. तुच्छ होती ती तो हातात घेऊन फिरणारी माणसं.

बाबांनी विचारलं, “म्हणजे भायर जातली ती निळी करूक व्हयी. कोणी करूची?”

पत्रकात ‘संबंधित इसमाने’ असं होतं. मी जरा विचार केला आणि म्हणाले, “चरबी ज्याच्या हाताखाली असेल त्याने.”

“म्हणजे मी.”

“हो बाबा, म्हणजे तुम्हीच.” किती अभिमानाने म्हणाले होते मी!

बाबा एवढं का विचारत होते ते मला नंतर कळलं. खात्यातून रिकामे पिंप भट्टीकडे परत जात. ते गाडीकडे लोटताना दणदणत. पण अधूनमधून एखादा पिंप गप्प जाई. बाबांच्या भाषेत, “रिकामो पिंप बोलता, भरलेलो मुको.” हे मुके पिंप कुठे जातात ते मास्तराला ठाऊक होतं, गाडीवाल्याला ठाऊक होतं आणि लालबागच्या एका तुपाच्या व्यापाऱ्याला सर्वांत जास्त ठाऊक होतं. बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की चरबी बाहेर चालली आहे आणि ती पांढरी आहे.

पुढच्या वेळी परत जायच्या रांगेत मुके पिंप दिसले, तेव्हा बाबा शेजारच्या खात्यात गेले. तिथे धोतरांना पांढरेपणा यावा म्हणून नीळ वापरतात. आपल्या डब्याच्या झाकणात त्यांनी ती मागून घेतली, पिंपांतल्या मऊ चरबीत ओतली आणि दांड्याने ढवळली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. मास्तरानेच सांगितलं असेल असं समजून कुणी काही विचारलं नाही. हे इतर कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. शिकलेल्या माणसाने पत्रक वाचून गालात हसून सोडून दिलं असतं, आणि पूर्ण अडाणी माणसाला ते कळलंच नसतं. ते वाचायला मुलगी आणि मानायला बाप, असं घर आमचंच.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या चाळीतले काही लोक सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. ते सुटून आले तेव्हा चाळीच्या समितीने चौकात बुंदीच्या लाडवांचा बेत केला. तूप त्याच व्यापाऱ्याने दान दिलं होतं आणि त्याचं नाव रंगीत खडूने फळ्यावर, सत्याग्रहींच्या नावांच्या वर लिहिलं होतं. पाहुणे म्हणून म्युनिसिपालटीच्या आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. ठाकूरद्वारला राहणारे, बोलणं स्वच्छ, धोतर त्याहून स्वच्छ. मराठी माणसाचं चारित्र्य तुपासारखं शुद्ध असतं, असं ते भाषणात म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. का लपवू?

भाषण संपतंय तोवर आचाऱ्याने तुपाचा डबा कापून कढईत उपडा केला. ते वितळायला लागलं आणि आचारी मागे सरला.

“ओ चिटणीस, हे बघा जरा. तुपाला विषबाधा झाली का काय?”

कढईत निळसर गढूळ पाणी उकळत असल्यासारखं दिसत होतं. नीळ जड, ती पिंपाच्या तळाशी बसली होती. व्यापाऱ्याने वरचं पांढरं बाजारात विकलं होतं आणि तळाचा गाळ डब्यांत भरून देशकार्याला दिला होता. दानातसुद्धा गाळ! सचोटीने चोरी करणंही ह्या माणसांना जमत नाही.

समितीच्या चिटणीसांनी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टरांनी नाकाला रुमाल लावून वाकून बघितलं आणि म्हणाले, “डब्याला आतून गंज चढला असेल.”

आचारी म्हणाला, “साहेब, गंज तांबडा असतो.”

मागून एक बाई बोलली, “किसनदेवाच्या घरचा लोणी असात गो, म्हणून निळा!” सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते पुढे आले, पळीतला थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला, फुंकर घातली, थिजू दिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ही आमच्या खात्यातली चरबी. नीळ मीच घातलंय!”

केलेलं काम उपयोगी पडलं, एवढाच तो आनंद होता. इतक्या माणसांच्या पोटात जाणारी चरबी त्यांच्या निळीने अडवली होती. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पत्रकातलं कलम घडाघडा म्हणून दाखवलं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

मग एक म्हातारी म्हणाली, “म्हणजे गणपतीतला तूप पण ह्याच?” ते तूपही त्याच व्यापाऱ्याचं होतं. कुणीतरी नळाकडे धावलं. बाबांचा हात आपोआप माळेकडे गेला. गणपतीचा प्रसाद म्हणून त्यांनीही ते खाल्लं होतं. जी माळ कामाच्या जागी बाहेर टांगून ते चरबीपासून जपत होते, ती घालूनच त्यांनी चरबी खाल्ली होती.

आता राग व्यापाऱ्यावर निघेल, असं मला वाटलं. तो बाबांवर निघाला. चिटणीस म्हणाले, “अहो, बोलायलाच हवं होतं का? आणि आजच? पाहुण्यांसमोर?” कुणी ‘चरबीवाला’ म्हणालं, कुणी ‘बाटवलं’ म्हणालं. इन्स्पेक्टर, ज्यांच्या खात्याने ते पत्रक काढलं होतं, चप्पल शोधत होते. व्यापाऱ्याचं नाव फळ्यावर तसंच राहिलं. ते पुसायलासुद्धा कुणाचा हात उठला नाही.

चार दिवसांनी गिरणीत चौकशी निघाली. चरबी बाहेर कशी गेली ह्याची नव्हे, तर गिरणीची नीळ परवानगीशिवाय कुणी घेतली ह्याची. बाबांची नोकरी जाणार हे सरळ दिसत होतं, आणि ती गेली की माझं कॉलेजही. मास्तर बाबांना म्हणाला, “मुलगी शिकलीय ना तुझी? तिच्याकडून जबाब लिहून आण. अडाणी आहे, चुकून सांडली म्हण. राहशील कामावर.”

बाबा घरी येऊन म्हणाले, “चुकून कित्याक? झाला तसा लिव.”

आई चुलीपाशी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी लिहिलं. ‘मी अशिक्षित व अज्ञानी इसम असून माझ्या हातून अनवधानाने नीळ सांडली, तरी मायबाप सरकारांनी क्षमा करावी.’ इतकं सफाईदार मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. आणि बाबांना वाचून दाखवताना ते म्हणाले होते तसंच वाचलं. त्यांना वाचता येत नाही ह्याचा फायदा आजवर सावकाराने घेतला, मुकादमाने घेतला. मी काही वेगळी निघाले नाही. बाकीच्यांचा तिरस्कार करताना मी ही गोष्ट विसरू नये म्हणून लिहून ठेवते आहे.

चौकशीला बाबा मला बरोबर घेऊन गेले. ऑफिसात मास्तर होता आणि गिरणीतून चरबी बाहेर जात नाही असा दाखला द्यायला आलेले इन्स्पेक्टर होते. बाबांनी धीर करून विचारलं, “साहेब, पण ता तूप निळा झाला ना?”

इन्स्पेक्टर समजूतदारपणे हसले. “गिरणीतून चरबी बाहेर जात नाही. जी बाहेर जात नाही ती बाहेर निळी कशी सापडेल? म्हणजे ती तुमची नव्हेच. प्रश्न फक्त निळीचा आहे.” एवढं बोलून त्यांनी माझा कागद उचलला आणि आपल्या सुंदर उच्चारांत मोठ्याने वाचला.

बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी फरशीकडे.

“बाय, तू वाचलंस तेवा असा नव्हता.”

मास्तर शाईची गादी पुढे सरकवत म्हणाला, “पोरीने भलं केलंय तुझं. अंगठा दे आणि सूट.”

बाबांनी तो कागद घेतला, घडी केली आणि खिशात टाकला. “चुकान नाय, साहेब. समजान घातलंय.” मग मला म्हणाले, “बस थंय. आता मी सांगतंय तसा लिव. तुझा एकपण शब्द घालू नको.”

मी टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्यानेच लिहिलं. ‘गिरणीबाहेर जाणारी चरबी निळी करावी असा नियम आहे. चरबी बाहेर जात होती. म्हणून मी ती निळी केली.’ ह्या वेळी मी खरंच लिहिलं तसंच वाचलं. बाबांनी खाली अंगठा उठवला.

आणि तो कागद कुणी घेईना. इन्स्पेक्टरांनी तो दोन बोटांनी मास्तराकडे ढकलला, मास्तराने परत त्यांच्याकडे. तो दप्तरी लावला तर चरबी बाहेर जाते हे दप्तरी लागणार. ज्यांनी नियम छापला तेच त्या तीन ओळींना असे घाबरले होते, जणू कागदालाच चरबी लागली होती. शेवटी इन्स्पेक्टर म्हणाले, “चौकशीची गरज दिसत नाही.” आणि छत्री घेऊन निघून गेले.

बाबांना काढलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं. त्यांना खळखात्यातून उचलून मागच्या आवारात झाडू मारायला लावलं. पगार कमी झाला. मी सकाळी एका मुलीला शिकवते आणि कॉलेज कसंबसं चालू आहे. माझ्याशी बाबा बरेच दिवस कामापुरतं बोलत. मग एकदा म्हणाले, “आता माळ काडूची लागणा नाय, तेवढा बरा झाला.” तेव्हापासून पुन्हा बोलतात.

तो तीन ओळींचा कागद माझ्या पुस्तकात आहे. इन्स्पेक्टरांना बढती मिळाली. आवारातून गाडीचा रस्ता जातो. बाबा झाडता झाडता ऐकतात आणि जेवताना, भाकरी मोडत, आम्हाला सांगतात, “आज पण दोन मुके गेले.”