भावजींचं कोरडं कपाट

माझ्या भावजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याला, ओलावा हा आपला वैयक्तिक शत्रू वाटतो. घराच्या तळमजल्यावर त्यांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. भिंगात बुरशी धरली की लोक त्यांच्याकडे येतात आणि आधी यथेच्छ बोलणी खातात. "कुठे ठेवलं होतं? कपड्यांच्या कपाटात? मग स्वेटरनेच फोटो काढा ना!" असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणतात. तरी माणसं येतात, कारण हात सोन्याचा आहे. जिभेचं सोडा.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ते सगळीकडे कोंबतात. बुटांत, बिस्किटांच्या डब्यात, प्रवासाच्या बॅगेत. मी बाळंत झाले तेव्हा दुपट्यांच्या पिशवीतही एक सापडली होती. दुकानात त्यांचं एक काचेचं कपाट आहे, आतली हवा विजेवर कोरडी ठेवणारं. त्यावरचा ओलाव्याचा आकडा ते सकाळी उठल्या उठल्या बघतात. ताईकडे नंतर बघतात.

आणि नशिबाची थट्टा बघा, अशा माणसाला बायको मिळाली ती पूड ओली ठेवण्याचा पगार घेणारी.

ताई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे. तिची पूड काळीकुट्ट, कोबाल्ट आणि ऑक्सिजनच्या थरांची, थरांच्या मध्ये थोडं सोडियम. हे तिने मला कितीदा तरी समजावलंय आणि मी तितक्यांदा मान डोलावली आहे. डोक्यात उरलंय ते एवढंच. थरातले कोबाल्टचे अणू त्रिकोणांत बसलेले असतात. प्रत्येक जण एक चिमुकला चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याने कुणाकडे पाठ फिरवायची? आम्ही तीन भावंडं एकत्र जेवायला बसलो की हेच होतं. पण थरांमध्ये पाणी शिरलं की थर लांब सरकतात, आणि मग कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली दोनशे अडुसष्ट अंशांवर, इलेक्ट्रॉन भांडण विसरून जोड्या लावतात आणि वीज कसल्याही अडथळ्याविना धावते. पूड वाळली की खेळ खलास.

"पण पाण्यानेच का?" मी एकदा विचारलं.

"तेच तर शोधतेय."

"इतकी वर्षं?"

"तू नुसती मान डोलवायचीस तेच बरं होतं," ताई म्हणाली.

त्या महिन्यात ताईची झोप उडाली होती. मागचे दोन नमुने फसले होते आणि तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की या खेपेला काही दिसलं नाही तर पूड भाजायची भट्टी बॅटरीवाल्यांना जाईल. बॅटरीवालेही असलीच कोबाल्टची पूड करतात, पण त्यांची विकली जाते. भट्टी गेली म्हणजे ताईचं काम संपलं. आता एकच चांगला नमुना उरला होता आणि नमुना तितका थंड करणाऱ्या यंत्रावर तिची पाळी पुढच्या सोमवारची होती. अशात प्रयोगशाळेत रंगकाम निघालं. रंग वाळवायला त्यांनी गरम हवेचे पंखे लावले. ताई घाबरून नमुन्याची बरणी घरी घेऊन आली. बरणीच्या तळाशी हवा दमट ठेवणारं मिठाचं पाणी, वर छोट्या वाटीत पूड, आणि आतून काचेवर बाष्प.

ती बरणी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि आंघोळीला गेली.

मी तेव्हा तिथेच चहा पीत बसले होते. भावजी आले. बाष्प धरलेली काच बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी "अहो भावजी, थांबा" म्हणेपर्यंत बरणी खाली दुकानात पोचलीसुद्धा. ताई केस पुसत बाहेर आली आणि आम्ही दोघी धावत खाली गेलो, तर भावजी अभिमानाने हसत उभे.

"अगं, केवढं पाणी साठलं होतं! ओतून टाकलं. पुसून घेतली, चार पुड्या टाकल्या आणि कपाटात ठेवली, अगदी वरच्या कप्प्यात. माझं भिंग काढून जागा केली तुझ्यासाठी."

ते भिंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ताईचा पहिला फोटो त्याच भिंगातून काढलेला.

ताई ओरडली नाही, तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली. भावजींना काय झालं ते कळेना, मीच सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला बायको काय काम करते हे मेहुणीने सांगावं लागलं. मला इतका राग आला की मी त्यांची एक सिलिका जेलची पुडी त्यांनाच फेकून मारली.

"परत ओली होईल का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"दमट हवेत आठवडाभर राहिली तर कदाचित. एकसारख्या दमट. बरणीत ओली पूड ओली राहते, वाळलेली परत भिजत नाही. तशी जागा कुठून आणू मी?"

भावजींनी कपाटाकडे पाहिलं. मग एकेक करून सगळी भिंगं बाहेर काढली. गिऱ्हाइकांची होती ती डब्यांत, पुड्यांसकट. डबे संपले, त्यांचं स्वतःचं भिंग तेवढं उघड्या टेबलावर राहिलं. कोरडं करणारा भाग त्यांनी उपसून काढला, तळाशी पाण्याच्या वाट्या मांडल्या. आकडा चढायला लागला तसा त्यांना घाम फुटला. साठ ओलांडल्यावर कपाट धोक्याची शिट्टी मारू लागलं, आणि त्यांनी त्याच्यावर उशी बांधली. आठवडाभर ते उशीखालून कण्हत होतं. गिऱ्हाइकं विचारायची, "आत कोण आहे?" भावजी म्हणायचे, "पेशंट."

सोमवारी ताईने आम्हा दोघांना यंत्राच्या खोलीत नेलं. पडद्यावर एक रेघ होती, वीज अडथळ्याविना धावली की खाली वाकणारी. ती बराच वेळ सरळच चालली. भावजींनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. आणि मग शेवटच्या टोकाला रेघ खाली वाकली. फार नाही, पण वाकली. ताईचे सर तिथल्या तिथे "भट्टी राहू दे" म्हणाले आणि भावजींनी त्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

कपाट काही परत कोरडं झालं नाही. ताईचे नमुने आता तिथेच राहतात. भावजी गिऱ्हाइकांना अजून तितकंच बोलतात. त्यांच्या स्वतःच्या भिंगात मात्र कडेला बुरशीची बारीक जाळी धरली आहे. परवा मी म्हटलं, "भावजी, साऱ्या गावाची साफ करता, मग ही का नाही?"

त्यांनी भिंग माझ्या हातातून काढून घेतलं, फडक्याने फक्त बाहेरून पुसलं.

"राहू दे," ते म्हणाले, "ती तुझ्या ताईची आहे."