भुरीची लस आणि माझं पोट

आमच्या भुरीला कॅन्सर झाला, यावर देवळी गावात कुणाचाही विश्वास बसला नाही. शेजारचे नामदेवराव मला समजावत, "मास्तर, कॅन्सर बैलाच्या शिंगाले होते. मांजराले कोठची शिंगं?" पण ढोरांच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाखालची गाठ काढून नागपूरला तपासायला पाठवली, आणि निघाला कॅन्सरच! भुरी वाचली. बारा वर्षांची म्हातारी, उभ्या जन्मात उंबरठा न ओलांडलेली. टाके निघाले आणि घरात वाद पेटला : हिला आता जंताचं औषध आणि रेबीजची लस द्यायची की नाही?

"कायले टोचता तिले?" सौ. म्हणाली. "बाहीर जात नाई, कोनाले चावत नाई. आता कुठं उठून बसली बिचारी!"

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. (मूळ विषय भूगोल. विज्ञानाचे सर बदलून गेले होते.) मी कागदावर मधोमध रेघ ओढली, डावीकडे फायदे लिहिले, उजवीकडे तोटे. फायदे अकरा निघाले. तोटा एकच, सौ.

ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "घाई काऊन करून राह्यले सर? पह्यले तिची शी तपासू, जंत असन तंच औषध. म्हातारं शरीर, आताच मोठं दुखणं काढलं. लसीचं अंगात ताकत आल्यावर पाहू. अन् औषध द्याचंच म्हटलं तं वजन लागते, अंदाजे नाई चालत."

एवढ्या सल्ल्यातून मी फक्त शेवटचं वाक्य उचललं. (माझे विद्यार्थीही माझं असंच ऐकत.) संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा घरी आणला, भुरीला बाजाराच्या पिशवीत कोंबलं, पिशवी आकड्याला अडकवली आणि "आता पहा विज्ञान!" म्हणत उचलली. पिशवीत भूकंप झाला. काटा दोन किलोवर गेला, मग सहावर, मग थेट शून्यावर! कारण भुरी आता पिशवीत नव्हती, माझ्या अंगठ्याला लटकली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "मांजराला लस दिलीय?"

"विचार चालू आहे," मी म्हणालो.

"मग आजपासून रोज एक सुई, पोटात. मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवा. धडधाकट राहिली तर सुया बंद. मेली तर चौदा पुऱ्या करायच्या."

"अन् ते कॅन्सरनं मेली तं?" सौ.नं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तरी चौदाच."

झालं! गावभर बातमी. लोक भेटायला येत, भुरीच्या डोक्यावरून हात फिरवत, चहा घेत आणि जात. मी पोटाला शेक देत खाटेवर पडलेला असे. माझी विचारपूस कुणीच केली नाही. पाचव्या दिवशी भुरीनं दुधाला तोंड लावलं नाही, आणि मी उरलेल्या नऊ सुया बोटांवर मोजल्या. "खाय वो बाई, दोन घास खाय," म्हणत मी दूधभाताची ताटली घेऊन घरभर तिच्यामागे रांगलो.

"आता आली माया!" सौ. म्हणाली.

खरं सांगतो, आली होती. पहिले दोन दिवस ती माझ्या पोटासाठी होती. पण ती म्हातारी माझ्या बोटावरचा भात चाटू लागली तेव्हा मला रडू आलं. लाज वाटली त्या अकरा फायद्यांची.

दहाव्या दिवशी भुरीनं उंदीर मारला. दवाखान्यानं माझ्या सुया थांबवल्या. ढोरांच्या डॉक्टरांनी शी तपासली, जंत नव्हते. लस पुढं पाहू म्हणाले.

पुढं महिन्याभरानं नामदेवरावांची नवी सून विरजण मागायला आली आणि दारातच थबकली. आत मी आणि भुरी शेजारी शेजारी बसलो होतो.

"चावत तं नाई ना जी?" तिनं विचारलं.

"मांजर चावते," सौ. आतून म्हणाली. "ह्याइचं भेव नाई, ह्याइले टोचलं हाये."