कासियानोच्या गाडीचा दम

कासियानो तार्कीची पिकअप घाटाला लागली की आधी गाडी खोकायची, मग कासियानो खोकायचा, आणि मग मागे बसलेली माणसं कुणी न सांगता उतरायला लागायची. शेवटची तीन वळणं गाडी रिकामी जायची आणि माणसं तिच्यामागून काळा धूर खात पायी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एल आल्तो शहराच्या बाजारातून डोंगरापलीकडच्या कोटापाता गावाला जाणारी दुसरी गाडीच नव्हती. शिवाय खिंडीत दगडांची जी रास आहे, आपाचेता, तिच्यावर ठेवायला प्रत्येकाला चालायला लागताना खालून एक दगड न्यायचाच असे. वाटेचा थकवा त्या दगडात उतरतो, दगड राशीवर ठेवला की माणूस हलका होऊन पलीकडे उतरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सेवेरो म्हणून कासियानोचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. तो म्हणायचा, "ताता कासियानोची गाडी पुण्यवान. पैसे घेऊन पायी चालवते."

कासियानो हसण्यावारी न्यायचा. पण ते त्याला लागायचं, आणि लागायचं कारण त्याची बायको.

ग्रेगोरिया अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. बाजारात तिचं कांद्याचं दुकान. तिच्याशी घासाघीस करणारा माणूस शेवटी दोन कांदे जास्तीचे घेऊन जायचा आणि शिव्याही घेऊन जायचा. तिची आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, निकोलासानं, तिला पाठीशी बांधून मेंढ्या राखत वाढवलं. निकोलासा अजून कोटापातातच राहते. तिचे डोळे गेलेत, पण मेंढ्या सोडून ती कुठं हलायची नाही. आणि इकडे ग्रेगोरियाच्या छातीनं दगा दिलेला. चार पावलं चढ चढली की ओठ निळे पडायचे. डॉक्टरनं चढायला साफ मनाई केली होती.

मग गाडीतच बसून राहावं, असं कुणीही म्हणेल. कासियानोही म्हणाला होता. पण सगळे उतरले की ग्रेगोरियाही दार उघडून उतरायची. शेवटच्या खेपेला ती मधल्या वळणावर मटकन खाली बसली आणि तिला सेवेरोनं आणि आणखी दोघांनी धरून वर आणलं. त्यानंतर तिनं जाणंच सोडलं. कासियानोनं पुष्कळ समजावलं, तर म्हणाली, "माझ्या गावची म्हातारी माणसं धूर खात चालणार, आणि मी काच वर करून महाराणीसारखी बसू? त्यापेक्षा नकोच ते." तिच्यापुढे कासियानोनं हात टेकले.

वर्षाचा एक, असे तीन कार्निवल गेले. दर रविवारी निकोलासा फडक्यात बांधलेलं चीज कासियानोच्या हातात द्यायची आणि विचारायची, धाकटी कधी येणार? कासियानो सांगायचा, येईल. घरी आल्यावर ग्रेगोरिया ते चीज तोंडात टाकून म्हणायची, "मीठ कमी घालायला लागलीय हल्ली," आणि पाठ फिरवून उगाच भांडी आवरायची. दोन म्हाताऱ्या बायकांमधली ही एक टेकडी कासियानोला दर रविवारी ओलांडावी लागे, आणि चीज सोडून तो काही नेऊ-आणू शकत नव्हता.

टर्बोचं खूळ वाल्टेरनं त्याच्या डोक्यात घातलं. वाल्टेर सिन्यानी त्याचा धर्मपुत्र. बारशाला कासियानोनं त्याला मांडीवर घेतलं होतं, आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. बोनेट उघडून तो म्हणाला, "ताता, इंजिन म्हातारं नाही झालं. वरच्या पातळ हवेत त्याला श्वास पुरत नाही. ग्रेगोरियामायसारखंच." मग त्यानं समजावलं, की बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांडीवर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. कासियानोला यातलं निम्मं कळलं. 'ग्रेगोरियामायसारखंच' हे मात्र पुरतं कळलं, आणि त्याच दिवशी त्याचं ठरलं.

किट आलं ते जुन्या-नव्या पार्टच्या बाजारातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. आत चिनी भाषेतलं एक पत्रक, त्यावर चित्र भलत्याच गाडीचं. पाइप एका बाजूनं आखूड, दुसऱ्या बाजूनं लांब. टर्बो जिथं बसवायचा तिथं नेमकी बॅटरी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. वाल्टेरनं बॅटरी हलवली, पाइप कापले, वेल्डिंग केलं, ऑइल जायला एक नळी आणि यायला एक नळी बसवली. कासियानोचं काम टॉर्च धरायचं. ते त्यानं सल्ल्यांसकट केलं. शेवटी वाल्टेर म्हणाला, "ताता, टॉर्च इंजिनावर धरा, माझ्या तोंडावर नको. आणि तोंड बंद ठेवलंत तरी चालेल."

गाडी सुरू झाली आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनातून एक बारीक शिट्टी आली. जन्मभर जी गाडी खोकली ती शिट्टी वाजवते म्हटल्यावर कासियानो लहान मुलासारखा खूश झाला. टर्बोच्या तोंडावरचा, हवा गाळणारा फिल्टरचा डबा काढला की शिट्टी आणखी खणखणीत ऐकू येते, हा शोध त्यानं दुसऱ्याच दिवशी लावला. वाल्टेरनं बजावलं होतं की फिल्टरशिवाय गाडी चालवायची नाही. कासियानोनं मान डोलावली होती. फिल्टरचा डबा सीटखाली पडून होता.

कार्निवलचा मंगळवार आला. त्या दिवशी घर, दुकान, गाडी, ज्याच्या जिवावर पोट चालतं त्या सगळ्याला नटवायचं आणि धरणीमायला तिचा वाटा द्यायचा. सगळ्या गल्लीत गाड्या रंगीत कागदांच्या माळा घालून उभ्या होत्या. ग्रेगोरियानं चारी चाकांवर बिअर ओतली, दारूचे थेंब शिंपडले, आणि बोनेट उघडायला लावलं, कारण या वर्षीचं नवं काही असेल ते तिथंच होतं. "या आमच्या गाडीला दम दे, माये," ती म्हणाली, "मला माझ्या बहिणीकडं जायचंय." आणि तिनं फुलांच्या पाकळ्या, रंगीत कागदाचे कपटे आणि साखरेच्या टणक गोळ्या ओंजळी भरभरून इंजिनावर उधळल्या. धरणीमायपुढे चिक्कूपणा तिला माहीतच नव्हता.

नेमकी त्याच वेळी कासियानोला गल्लीला शिट्टी ऐकवायची हौस आली. आत बसून त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. टर्बोच्या उघड्या तोंडानं पाकळ्या ओढल्या, कपटे ओढले, आणि मग गोळ्या. शिट्टीच्या जागी पत्र्यावर दगड घासल्यासारखा आवाज आला, गाडी खोकली आणि बंद पडली. गल्लीतला बँडसुद्धा क्षणभर थांबला.

ग्रेगोरियानं पाठ फिरवली. घरात गेली, कोटापाताला नेसायला काढून ठेवलेला नवा घागरा घडी करून परत पेटीत ठेवला. कासियानो मागोमाग आला. ती म्हणाली, "धरणीमायलाच नको असेल मी जायला. नाहीतर माझ्याच हातनं असं कशाला झालं असतं?" तिचा आवाज इतका हळू होता की कासियानोला भीती वाटली. शिव्या देणारी ग्रेगोरिया त्याला झेपायची. ही झेपेना.

"गोया," तो म्हणाला, "त्यात तुझा हात नाही. फिल्टर मी काढला होता. शिट्टी जोरात ऐकू यावी म्हणून."

ग्रेगोरियानं मान वर केली. "शिट्टीसाठी?"

"शिट्टीसाठी."

मग तिनं त्याला जे झोडायला सुरुवात केली ते शेजारच्या दोन घरांनी मन लावून ऐकलं. मूर्ख झालं, गाढव झालं, त्याच्या बापाचं गाढव झालं. साठी उलटली तरी शिट्ट्या वाजवायची हौस फिटत नाही, यावर ती बराच वेळ बोलली. बोलता बोलता तिनं पेटी उघडली, घागरा बाहेर काढला आणि खुर्चीवर टाकला. कासियानो खाली मान घालून उभा होता आणि त्याच्या जिवात जीव येत होता.

वाल्टेरनं टर्बो खोलला तर पंख्याची पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली, आणि नळीत पाकळ्यांचा नि साखरेचा लगदा. तो हसून हसून बेजार झाला. मग गुरुवारच्या बाजारातून दुसरा पंखा आणून बसवला, नळ्या धुतल्या, आणि फिल्टरचा डबा असा घट्ट आवळला की कासियानोच्या पान्यानं तो सुटू नये. जुना पंखा भंगारात जायचा होता. ग्रेगोरियानं तो घागऱ्याला पुसला आणि ठेवून घेतला. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी गाडी भरून निघाली. ग्रेगोरिया पुढं, मांडीवर रंगीत गाठोडं. मागं माणसं, पिठाची पोती, कांदे. चढ लागला तशी सवयीनं सगळ्यांची उतरायची लगबग सुरू झाली. सेवेरोनं एक पाय बाहेर टाकलासुद्धा. कासियानोनं खिडकीतून हात दाखवला.

"बसून राहा."

"ताता, मधेच उतरवण्यापेक्षा आत्ताच उतरतो की."

"पाय आत घे, सेवेरो. नाहीतर तू वर जाशील आणि पाय इथंच राहील."

पहिलं वळण गाडीनं शिट्टी घालत घेतलं. धूर नावाला होता. मधल्या वळणावर, जिथं ती बसली होती, ग्रेगोरियानं काच खाली केली आणि त्या जागेकडं नीट बघून घेतलं. तिसऱ्या वळणावर गारांनी चिखल झालेला. चाकं घसरली, मागं कुणीतरी देवाचं नाव घेतलं, पण उतरलं कुणी नाही. कासियानोनं गिअर खाली टाकला, शिट्टी चढली, आणि गाडी खिंडीत जाऊन उभी राहिली.

सगळे उतरले आणि आपाचेतापुढं उभे राहिले. कुणाच्याच हातात दगड नव्हता. खालून चालत आलंच कोण होतं? सेवेरो पायाशी पडलेला एक दगड उचलायला वाकला आणि मग त्याचा त्यालाच तो दुसऱ्या कुणाचा तरी थकवा वाटून त्यानं हात मागं घेतला.

ग्रेगोरियानं गाठोड्याची गाठ सोडली. कुरतडलेला पंखा बाहेर काढला, राशीवर दोन दगडांच्या मधे नीट बसवला आणि त्यावर धरणीमायला वाहतात ती कोकाच्या झुडपाची तीन पानं ठेवली. मग वळून नवऱ्याला म्हणाली, "आज दमलं कुणीच नाही. पण तीन वर्षं माझ्यापायी तू दमलास, म्हाताऱ्या. तुझं इथं ठेवलंय. आता चल."

 कासियानो गाडीभोवती एक फेरी मारून, टायर बघितल्यासारखं करून, आत येऊन बसला.

निकोलासा कोटापाताला भिंतीशी उन्हात बसली होती. कासियानोची गाडी ती खोकल्यावरून ओळखायची. ही शिट्टी वाजवत आलेली गाडी कुणा परक्याची असणार म्हणून तिनं मान फिरवली आणि लोकर कातत राहिली. दार उघडल्याचा आवाज आला. जड पावलं आली आणि तिच्यासमोर थांबली.

"ताई," ग्रेगोरिया म्हणाली, "हल्ली चीजमध्ये मीठ कमी घालतेस."

निकोलासाच्या हातातली चाती थांबली. तिनं हात पुढं केला, घागऱ्याचा काठ सापडला, तो मुठीत घट्ट धरला.

"मग एवढे दिवस सांगायला का नाही आलीस?"